२५ हजार व्होल्टमधून ५० हजारांचा धक्का: कॅन्सरच्या लिनॅक मशीनमागचा नॉर्वेचा इंजिनियर

२०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये घोषणा झाली की येत्या तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर होणार, त्यातली २०० तर पहिल्याच वर्षी. तेव्हापासून आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न परत परत येतो, की मग शेक पण तिथेच मिळणार का? तर ही सेंटरं मुख्यतः केमोसाठी आहेत, सलाईनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी. शेक म्हणजे रेडिएशन, त्याला लिनॅक नावाचं मशीन लागतं, त्याची किंमत कोटींत, त्याला जाड काँक्रीटची वेगळी खोली लागते आणि चालवायला शिकलेली माणसं लागतात. ते जिल्ह्याजिल्ह्यात इतक्यात येणार नाही.

पण या निमित्ताने मला त्या मशीनबद्दलच लिहायचंय, कारण आपल्याकडे तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कॅन्सर घराघरात पोचलाय, जवळपास प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी शेक घेऊन आलेलं असतं, आणि तरी त्या खोलीत नेमकं काय होतं हे कोणीच सांगत नाही. डॉक्टरांना वेळ नसतो, आपल्याला विचारायची भीती वाटते. लिनॅक म्हणजे लिनियर अ‍ॅक्सिलरेटर, कणांना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटरच्या वर्तुळात जो प्रयोग चालतो, ज्याच्या बातम्या अधूनमधून टीव्हीवर येतात, तोही अ‍ॅक्सिलरेटरच. दोघांच्या मुळाशी एकच माणूस आहे, रॉल्फ विडरो. आपल्या शाळा-कॉलेजच्या पुस्तकात मला त्याचं नाव कधी दिसलं नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

अ‍ॅक्सिलरेटर करतं तरी काय?

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांच्यावर विजेचा भार असतो. भार असलेल्या कणासमोर उलट भार ठेवला की तो तिकडे ओढला जातो, बस्स, एवढंच तत्त्व. एक व्होल्टचा फरक ओलांडताना इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते तिला एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणतात. हा एकच शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे हाच येणार आहे.

जुना डबा टीव्ही आठवतो ना, मागे फुगलेला? त्याच्या काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉन सुटायचे आणि २०-२५ हजार व्होल्टच्या जोरावर पडद्यावर आदळायचे, तिथे उजेड पडायचा. म्हणजे आपण सगळे वर्षानुवर्षं एका छोट्या अ‍ॅक्सिलरेटरसमोर बसून क्रिकेट बघत होतो.

पण छातीत किंवा पोटात खोल असलेल्या गाठीपर्यंत पोचायला असले २५ हजार कामाचे नाहीत. कमी ऊर्जेचे एक्स-रे वरच्या कातडीतच जास्त खर्ची पडतात, कातडी भाजते आणि गाठ तशीच राहते. साधारण ६० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनपासून तयार केलेले एक्स-रे मात्र आत शिरतात आणि त्यांचा सगळ्यात जास्त मारा कातडीच्या दीड सेंटिमीटर खाली होतो, वर तुलनेने कमी. म्हणून रेडिएशनला एवढी ऊर्जा हवी. अणूच्या गाभ्यात डोकावायचं तर त्यालाही लाखांच्या घरातली ऊर्जा लागते, आणि शास्त्रज्ञांना १९२० च्या दशकात तीच हवी होती.

मग सरळ ६० लाख व्होल्ट लावायचे ना!

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या बाजूला ४०० केव्हीच्या लाईनचे टॉवर बघा. ४०० केव्ही म्हणजे ४ लाख व्होल्ट. ती तार टॉवरपासून लांब धरायला केवढ्या लांब इन्सुलेटरच्या माळा लटकवल्यात बघा, आणि पावसाळ्यात खाली उभं राहिलं तर हवेत चरचर ऐकू येते. कोरड्या हवेत साधारण दर सेंटिमीटरला ३० हजार व्होल्ट झाले की हवाच फुटते, ठिणगी पडते, आणि साचवलेला सगळा व्होल्टेज जमिनीत जातो. ४ लाखांना एवढा व्याप, तर ६० लाखांना काय करणार? आणि ते एका माणसाच्या अंगाभोवती फिरणाऱ्या मशीनमध्ये बसवायचंय.

त्या काळात लोकांनी काय काय केलं ऐकाल तर थक्क व्हाल. तीन जर्मन शास्त्रज्ञ आल्प्समधल्या मोंते जेनेरोझो डोंगरावर तारा बांधून आकाशातली वीज पकडायच्या मागे लागले होते, त्यात कुर्ट उर्बान नावाच्या तरुणाचा १९२८ मध्ये जीव गेला. केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली काही लाख व्होल्ट तयार करून लिथियमचा अणू फोडला, त्याबद्दल त्यांना पुढे नोबेल मिळालं, पण त्या वाटेने फार पुढे जाता येत नव्हतं. ठिणगी आडवी यायचीच.

विडरो, वय २१, आणि ट्रान्सफॉर्मर

रॉल्फ विडरो १९०२ साली नॉर्वेत जन्मला, आजच्या ओस्लोमध्ये. शाळेत असताना, १९१९ ला, रदरफर्डने नायट्रोजनचा गाभा फोडला ही बातमी त्याने वाचली आणि त्याच्या डोक्यात बसलं की रदरफर्ड किरणोत्सारी पदार्थातून आपोआप सुटणारे कण वापरतोय, ते फार थोडे, आपण आपल्या हाताने असे कण तयार केले पाहिजेत. शिकायला तो जर्मनीत कार्ल्सरुहेला गेला, आणि शिकला काय तर इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग. हे महत्त्वाचं आहे. त्या वेळचे बाकीचे लोक अणूकडून विचार करत होते, हा विजेकडून करत होता.

१९२३ मध्ये त्याने वहीत एक कल्पना मांडली. आपल्या डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एकीत बदलता करंट सोडला की लोखंडातलं चुंबकत्व बदलतं आणि त्यामुळे दुसरीतले इलेक्ट्रॉन हलायला लागतात. विडरो म्हणाला, दुसरी गुंडाळी काढूनच टाकू, तिच्या जागी हवा काढलेली गोल नळी ठेवू, इलेक्ट्रॉन त्यात मोकळे फिरतील आणि दर फेरीला वेग घेतील. ते एकाच वर्तुळात राहावेत म्हणून त्याने हिशोब करून नियमही काढला, की वर्तुळाच्या आत सरासरी जेवढं चुंबकत्व असेल त्याच्या बरोबर निम्मं वर्तुळावर पाहिजे. तो नियम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. २१ वर्षांचा पोरगा!

कार्ल्सरुहेच्या प्राध्यापकांनी, गेडे त्यांचं नाव, निर्वात पंपांमधले मोठे तज्ज्ञ, हे चालणार नाही म्हणून सांगितलं, नळीत जी थोडीफार हवा उरेल तीच इलेक्ट्रॉन खाऊन टाकेल असं त्यांचं म्हणणं. मग तो आखेनला रोगोव्स्की यांच्याकडे गेला, तिथे यंत्र बांधलं, आणि ते खरंच चाललं नाही, इलेक्ट्रॉन वर्तुळात टिकेनात. पीएचडी तर पूर्ण करायचीय. तेव्हा त्याला स्वीडनच्या गुस्ताव इसिंगचा १९२४ चा एक लेख सापडला, त्यात कणाला टप्प्याटप्प्याने धक्के द्यायची कल्पना होती, पण प्रत्यक्षात कोणी करून पाहिलं नव्हतं. विडरोने ते करून दाखवलं.

आखाजीचा झोका

हे समजायला आपल्या खान्देशाइतकी चांगली जागा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की निंबाच्या फांदीला झोका बांधतात. झोका उंच न्यायला कोणी पैलवान लागत नाही. लहान पोरगी मागे उभी राहून हलकेच ढकलते, पण ढकलते कधी, तर झोका मागे येऊन पुढे निघायच्या क्षणाला. चुकीच्या वेळी ढकललं तर उलट झोका मंदावतो. ताकद तेवढीच, पण वेळ साधली की दर धक्का आधीच्या धक्क्यात मिळतो आणि झोका वरच्या फांदीपर्यंत जातो.

विडरोने हेच केलं. ठिणगी पडेल एवढा मोठा व्होल्टेज एकदम लावायचाच नाही. झेपेल एवढा लावायचा, पण वेळ साधून परत परत.

त्याचं यंत्र जवळून बघा, एवढंसं होतं, एक काचेची नळी, ८८ सेंटिमीटर लांब, हवा काढलेली. मधोमध धातूची एक पोकळ नळकांडी, दोन्ही टोकांना अजून दोन तुकडे, ते अर्थ केलेले, म्हणजे जमिनीला जोडलेले. मधल्या नळकांडीला बदलता व्होल्टेज, २५ हजारांचा, सेकंदाला सुमारे १० लाख वेळा दिशा बदलणारा. एका टोकाकडून सोडियम आणि पोटॅशियमचे धन भाराचे आयन, म्हणजे भार असलेले अणू, सोडायचे. आयन नळकांडीजवळ येतो तेव्हा नळकांडी ऋण असते, त्यामुळे ती त्याला आत ओढते, मिळाले २५ हजार. आता तो नळकांडीच्या पोटात आहे, आणि धातूच्या पोकळीत बाहेरचा व्होल्टेज जाणवत नाही, तेवढा वेळ तो आपल्या वेगाने नुसता सरकतो. त्याच वेळात बाहेर व्होल्टेज उलटतो. आयन दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो तेव्हा नळकांडी धन झालेली असते, ती त्याला मागून ढकलते, अजून २५ हजार. झाले ५० हजार, आणि पूर्ण यंत्रात २५ हजारांपेक्षा जास्त व्होल्टेज कुठेच नाही.

१९२७ ला हे त्याच्या प्रबंधात आलं, डिसेंबर १९२८ ला जर्मन इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगच्या एका मासिकात छापून आलं. ऐकायला ५० हजार काहीच नाही, टीव्हीच्या दुप्पट. पण एकाच्या जागी दहा नळकांड्या ओळीने ठेवल्या तर? शंभर ठेवल्या तर? मर्यादाच गेली. फक्त एक काळजी घ्यायची, कण पुढे जाईल तसा वेगवान होतो, तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापतो, म्हणून पुढची प्रत्येक नळकांडी आधीपेक्षा थोडी लांब हवी.

पण आम्ही तर सायक्लोट्रॉन आणि लॉरेन्स शिकलो

बरोबर, बारावीला तेच आहे. अर्नेस्ट लॉरेन्स अमेरिकेत बर्कलेला होता. १९२९ मध्ये लायब्ररीत त्याच्या हाती विडरोचा तो लेख लागला. जर्मन त्याला जेमतेम यायचं, पण आकृत्या बघून त्याला सगळं कळलं. त्याने विचार केला की इतक्या नळकांड्या ओळीने लावून यंत्र लांब करत बसण्यापेक्षा चुंबकाने कणाची वाटच गोल करू, म्हणजे तोच कण त्याच फटीत पुन्हा पुन्हा येईल आणि दर वेळी धक्का खाईल. हाच सायक्लोट्रॉन. १९३१ च्या सुरुवातीला त्याने आणि त्याचा विद्यार्थी लिव्हिंगस्टन याने तळहाताएवढ्या यंत्रात २ हजारांपेक्षा कमी व्होल्टेज लावून ८० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळवले. १९३९ ला लॉरेन्सला नोबेल मिळालं. त्याने विडरोचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं हे इथे सांगितलं पाहिजे.

आणि विडरो काय करत होता? पीएचडीनंतर तो बर्लिनला एईजी कंपनीत लागला, काम काय तर रिले. लाईनवर फॉल्ट झाला की सबस्टेशनमधला ब्रेकर ट्रिप करायला जो सांगतो तो रिले. पुढे नॉर्वेला परत गेला, तिथेही रिलेच. ज्याने अणुविज्ञानाचं दार उघडलं तो बरीच वर्षं ग्रीड सांभाळणाऱ्या उपकरणांवर काम करत होता. मला यात काही कमीपणा वाटत नाही, उलट आपल्याकडे इलेक्ट्रिकल डिप्लोमा किंवा आयटीआय करून सबस्टेशनला लागलेली जी पोरं आहेत त्यांनी हा माणूस आपल्या बिरादरीतला आहे हे जाणून घ्यावं असं वाटतं.

दरम्यान १९४० मध्ये अमेरिकेत डोनाल्ड कर्स्टने विडरोची ती जुनी ट्रान्सफॉर्मरवाली कल्पना यशस्वी करून दाखवली. तिला बीटाट्रॉन नाव पडलं. गेडेंचं म्हणणं शेवटी खोटं ठरलं.

तो नाझींसाठी काम करत होता ना?

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळायचा नाही. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. १९४३ मध्ये जर्मन अधिकारी विडरोकडे आले आणि त्याला बीटाट्रॉन बांधायला हॅम्बर्गला घेऊन गेले. हवाई दलातल्या काही लोकांच्या डोक्यात एक्स-रेने विमानं पाडायची कल्पना होती, ती कधीच शक्य नव्हती. विडरोचा भाऊ व्हिगो, ज्याने काढलेली विमान कंपनी आजही नॉर्वेत त्याच नावाने उडते, तेव्हा जर्मनांच्या तुरुंगात होता आणि आपण काम केलं तर त्याला मदत होईल अशी रॉल्फला आशा होती, असं त्याने नंतर सांगितलं. हॅम्बर्गला त्याने १५० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा बीटाट्रॉन उभा केला.

युद्ध संपल्यावर नॉर्वेत त्याला अटक झाली. रॉकेटच्या कामात हात असल्याचाही संशय होता, तो चौकशीत टिकला नाही, पण शत्रूसाठी काम केल्याबद्दल दंड झाला. १९४६ मध्ये तो देश सोडून स्वित्झर्लंडला गेला तो कायमचा. माझं मत विचाराल तर भावापायी गेला हे समजू शकतं, पण दंड झाला तोही बरोबर झाला. त्याचं विज्ञान आणि हा निर्णय, दोन्ही त्याच्याच नावावर राहतील.

ढगांकडे बघताना सुचलेली टक्कर

१९४३ चीच गोष्ट. नॉर्वेतल्या टुडाल गावी सुट्टीवर असताना गवतात पडून ढग बघता बघता त्याला सुचलं, की वेगवान कण एका जागी स्थिर असलेल्या कणावर आदळवला तर टक्कर झाल्यावर सगळा पसारा पुढेच सरकत राहतो, म्हणजे बरीचशी ऊर्जा त्या पुढे जाण्यातच अडकते, नवं काही घडवायला थोडीच उरते. दोन्ही कण समोरासमोरून आणून धडकवले तर सगळी ऊर्जा टकरीतच उतरते. सप्टेंबर १९४३ ला त्याने याचं पेटंट टाकलं, ते १९५३ मध्ये मंजूर झालं.

याने किती फरक पडतो? जिनिव्हाच्या त्या २७ किलोमीटरच्या यंत्रात, म्हणजे एलएचसीमध्ये, प्रोटॉनला प्रत्येकी ६.८ टीईव्ही ऊर्जा देतात, म्हणजे ६.८ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि समोरासमोर धडकवतात. तेवढीच टक्कर स्थिर प्रोटॉनवर करून घ्यायची असती तर एका प्रोटॉनला जवळपास १ लाख टीईव्ही द्यावे लागले असते. चौदा हजार पटींहून जास्त! २७ किलोमीटरचं वर्तुळ काय, अख्खी पृथ्वी पुरली नसती.

हॅम्बर्गमध्ये विडरोबरोबर ब्रुनो टाउशेक नावाचा तरुण ऑस्ट्रियन काम करायचा. त्याची आई ज्यू, त्यामुळे १९४५ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडलं. विडरो त्याला तुरुंगात भेटायला जायचा, पुस्तकं न्यायचा. टाउशेक त्यातून वाचला, आणि पुढे १९६१ च्या सुमारास इटलीत फ्रास्काटीला त्यानेच इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण (तेवढाच जड, पण उलट भाराचा) समोरासमोर फिरवणारं पहिलं यंत्र उभं केलं.

यातून कॅन्सरचं मशीन कसं झालं?

स्वित्झर्लंडला ब्राऊन बोव्हेरी कंपनीत विडरोने हॉस्पिटलसाठी बीटाट्रॉन बनवले, ३१० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे. झुरिकला बसले, ओस्लोच्या रेडियम हॉस्पिटललाही गेले, म्हणजे ज्या देशाने त्याला दंड केला तिथल्या पेशंटवर त्याच्याच मशीनने उपचार झाले. पण बीटाट्रॉन जड, त्यातून एक्स-रे कमी निघायचे, पेशंटला जास्त वेळ पडून राहावं लागायचं. म्हणून शेवटी त्याचीच दुसरी कल्पना, सरळ रेषेतली, पुढे गेली.

त्यात अडचण एक होती. इलेक्ट्रॉन इतका हलका की पटकन प्रकाशाच्या वेगाजवळ जातो. सेकंदाला १० लाख वेळा बदलणारा व्होल्टेज त्याला पुरत नाही, एकदा दिशा बदलेपर्यंत तो शेकडो फूट पुढे निघून जाईल. कोट्यवधी वेळा बदलणारी, आणि तीही ताकदवान, लहर पाहिजे होती. ती दिली रडारने. युद्धात विमानं शोधायला ब्रिटिशांनी १९४० मध्ये अशी लहर तयार करणारा ताकदवान मॅग्नेट्रॉन बनवला, त्याचाच धाकटा भाऊ आज मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतो. १९५३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये लिनॅकवर पहिला पेशंट झाला, १९५६ ला अमेरिकेत स्टॅनफर्डला.

आजच्या मशीनच्या आत लहर सेकंदाला सुमारे ३०० कोटी वेळा दिशा बदलते. एका टोकाला तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते, ते तांब्याच्या कप्प्याकप्प्यांच्या नळीतून जातात, दर कप्प्यात एक धक्का, आणि ६० लाखवाल्या मशीनमध्ये ही नळी फक्त फूटभर लांब असू शकते. बाहेर पडताना इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ९९.७ टक्के. तिथे ते टंगस्टनच्या छोट्या तुकड्यावर आदळतात आणि एक्स-रे निघतात. खाली टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, दर पट्टी स्वतंत्र मोटरने आतबाहेर होते आणि गाठीच्या आकाराची खिडकी तयार होते. हे सगळं डोकं पेशंटभोवती फिरतं, म्हणजे गाठीवर सगळ्या बाजूंनी मारा आणि बाजूच्या चांगल्या भागावर वाटून थोडा थोडा.

करंट लागतो का? घरी पोराबाळांना त्रास होतो का?

माझ्या फुईचे, म्हणजे आत्याचे, शेक सुरू व्हायचे होते तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच, "करंट लागस का रे भाऊ?" नाही लागत. पेशंटपर्यंत वीज येतच नाही, येतात ते एक्स-रे, आणि ते छातीचा फोटो काढताना जाणवतात का? तसंच. मशीनचा आवाज येतो, तोंडावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात त्याने गुदमरल्यासारखं वाटू शकतं, पण किरण सुरू असतात ती एक-दोन मिनिटं अंगाला काही कळत नाही. त्रास होतो तो नंतर, दोन-तीन आठवड्यांनी, तोंड येतं, कातडी काळवंडते, गिळताना दुखतं. तो खरा त्रास आहे, कोणी सहज होऊन जाईल म्हणालं तर विश्वास ठेवू नका, पण त्यावर औषध आहे, खाण्यापिण्याचं सांभाळावं लागतं.

दुसरी भीती जास्त वाईट, कारण तिच्यापायी लोक पेशंटचं ताट वेगळं करतात, नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. लिनॅकचे किरण अंगात साठत नाहीत. बटण बंद केलं की एक्स-रे त्या क्षणाला संपतात, जसा खोलीतला दिवा बंद केल्यावर उजेड उरत नाही. पेशंट बाहेर येतो तो तुमच्या-माझ्यासारखाच असतो, त्याच्याजवळ बसा, त्याच्या ताटात जेवा. काही वेगळ्या उपचारांत, उदाहरणार्थ थायरॉईडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन पाजतात तेव्हा, काही दिवस लांब राहायला सांगतात, पण ते वेगळं, त्यात औषध अंगात असतं.

मग कोबाल्ट मशीन वाईट का?

वाईट नाही. कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू आहे, तो सतत किरण सोडतो, मशीन बंद म्हणजे त्याच्यावर झाकण. दर सव्वापाच वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे पेशंटला जास्त वेळ ठेवावं लागतं आणि शेवटी तो बदलावा लागतो. लिनॅकचे किरण जास्त खोल जातात, कडा जास्त रेखीव. पण कोबाल्टला वीज कमी लागते, बिघाड कमी, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन नावाचं कोबाल्ट मशीन बनवलं ते अजूनही कामाचं आहे. लिनॅकला एकसारखा व्होल्टेज लागतो आणि थंडावा लागतो, कारण टंगस्टनवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनची बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, तिथे पाणी फिरवून ती काढावी लागते. भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंशाला चिलर बंद पडला तर मशीनही बंद. फुई जिथे जायची तिथे एकदा असं झालंच, लोक चाळीसगाव-पाचोऱ्याहून येऊन परत गेले, आणि कोणी आधी फोनही केला नव्हता. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे शेक साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालतात, मधे खंड पडला तर उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. खंड पडला तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की तो कसा भरून काढणार, तो विचारायचा तुमचा हक्क आहे.

हे आपल्या देशात बनत नाही का?

बनतं. मुंबईत पवईला समीर नावाची सरकारी संस्था आहे, तिने कॅन्सरचा लिनॅक देशातच तयार केला, चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये आणि आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या हॉस्पिटलमध्ये तो बसवला गेला. तरी आज बहुतेक मशीन बाहेरून येतात, दुरुस्तीचे पार्टही बाहेरून, म्हणून खर्च वाढतो.

आणि आपल्या घराजवळ काय आहे माहितीये? धुळ्याहून शिरपूर, पळासनेर, सेंधवा करत इंदूरला जातो ना आपण, त्याच इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ आहे, १७२.५ मीटरच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन फिरवणारा अ‍ॅक्सिलरेटर, २५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा, २००५ पासून. तिथे इलेक्ट्रॉन कशावर आदळवत नाहीत, ते वळताना जो तेजस्वी प्रकाश सोडतात त्याने औषधं, धातू, प्रथिनं यांचा अभ्यास होतो. तिथेही इलेक्ट्रॉन दर फेरीला त्याच कप्प्यात येऊन वेळ साधून धक्का घेतात.

फिजिक्स करून काय करणार?

जळगावच्या विद्यापीठातून एमएससी फिजिक्स झालेल्या पोरापोरींना घरचे हाच प्रश्न विचारतात, आणि बहुतेकांना बीएड सोडून दुसरं उत्तर माहीत नसतं. लिनॅक चालवायला डॉक्टर एकटा पुरत नाही. किती किरण, कुठल्या कोनातून, किती वेळ, याचा हिशोब आणि मशीनची रोजची तपासणी मेडिकल फिजिसिस्ट करतो, त्याच्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळ रेडिएशन सुरूच करू देत नाही. त्यासाठी एमएससी फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा लागतो, तो मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात होतो, आणि नंतर हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. प्रवेश परीक्षेची जाहिरात केंद्राच्या वेबसाईटवर येते.